लव्हाळा, मोथा आणि नागरमोथा : एका ओळखीचा इतिहास



बीड जिल्ह्यांतील काळ्या जमिनीच्या शेतकऱ्यास त्याच्या शेतांतील हाडवैऱ्यांचीं नांवें विचारावीं, तर हरळी, कुंदा व लव्हाळा हीं तीन नांवें तो एका दमांत सांगेल. हीं तिन्ही गवतेंच, असें शहरांत राहणाऱ्या आपणांस वाटतें. वस्तुतः पहिलीं दोन खरीं तृणें होत. तिसरा लव्हाळा मात्र तृणकुलांतला नव्हे, त्याचें गोत्र अगदीं निराळें आहे. आणि नवल असें कीं, ज्या लव्हाळ्याला शेतकरी शिव्याशाप देतो, त्याच्याच मुळाशीं सांपडणारे काळे गड्डे वैद्याच्या फडताळांत मानानें विराजमान होतात. दिवाळीच्या पहांटे आपण अंगाला जें सुगंधी उटणें लावतों, त्यांतही याच घराण्यांतला नागरमोथा असतो. आणि याच घराण्यांतील एका कृश भावंडाचे कंद दुष्काळाच्या दिवसांत माणसांनीं भाजून खाल्ले आहेत.

शत्रु, औषध, सुगंध आणि अन्न असे हे चार संबंध एकाच घराण्याशीं, आणि घराण्यांतील माणसें दिसावयाला सारखीं! त्यांतला कोण कोणता हें ओळखण्याची विद्या कशी वाढत गेली, आणि बीडसारख्या जिल्ह्याच्या वांट्याला ती इतक्या उशिरां कां आली, याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

मीं सारें आयुष्य शाळामास्तरकींत घालविलें. मुलांना नदीकांठीं नेल्यावर या विषयाचा पहिला धडा मी डोळ्यांनीं नव्हे, तर बोटांनीं शिकवीत असें. दांडा आंगठा व तर्जनी यांमध्यें धरून फिरवावयाचा. तो गुळगुळीत फिरला आणि मधून पेरें लागलें, तर तें तृण. फिरतांना तीन धारा बोटांना टोंचल्या आणि पेरें कोठेंच लागलें नाहीं, तर तो लव्हाळ्याचा सोयरा. तृणाचा दांडा बहुधा गोल व पोकळ असतो; त्याचीं पानें समोरासमोर दोन रांगांत निघतात, आणि दांड्याला कवटाळणारें पानाचें आवरण एका बाजूनें उघडें असतें. लव्हाळ्याच्या कुलांत दांडा बहुधा त्रिकोणी व भरीव, पानें तीन रांगांत, आणि आवरण नळीसारखें बंद. या नियमाला अपवाद आहेत. तळ्यांतील कांहीं जातींचा दांडा साफ गोल असतो. पण दहांपैकीं नऊ वेळां बोटें फसवीत नाहींत.

या कुलाला मराठींत मुस्ताकुल म्हणतात. शास्त्रीय नांव सायपेरेसी. साऱ्या पृथ्वीवर त्याच्या साडेपांच हजारांच्या आसपास जाती आहेत. प्राचीन मिसरी लोकांनीं ज्या पपायरसावर आपले लेख लिहिले, तो याच कुलांतला. म्हणजे ज्या कुलाला आपण तण म्हणून उपटून फेंकतों, त्यानें एके काळीं मनुष्यजातीला कागद पुरविला आहे.

आतां आपल्याकडील जुनी परंपरा पाहूं. मुस्ता हें संस्कृत नांव फार प्राचीन आहे. चरकसंहितेंत निरनिराळ्या कामांतील श्रेष्ठ द्रव्यांची जी यादी आहे, तींत अतिसार आंवरणारें, भूक वाढविणारें व अन्न पचविणारें द्रव्य म्हणून मुस्तेला अग्रस्थान दिलें आहे. तापांत पिण्यासाठीं उकळून देण्याच्या षडंगोदकांतही ती आहे. अमरकोशानें तर एक गमतीची सूचना केली आहे कीं, मेघाचीं जीं नांवें तींच मुस्तेचीं नांवें. त्यामुळें जुन्या पाठांत घन, अब्द, वारिद असे शब्द औषधांच्या यादींत आले कीं वैद्य आकाशाकडे पाहत नाहीं. तो मोथ्याच्या डब्याकडे हात नेतो. रानडुकराला आवडणारी म्हणून क्रोडेष्टा असेंही तिचें एक नांव कोशांत आहे. कालिदासाच्या शाकुंतलांत, मृगया थांबवितांना दुष्यंत रानडुकरांना डबक्यांतील मुस्ता निर्धास्तपणें उकरूं देण्याची आज्ञा करतो. नाटककारानें ती वनस्पति किती बारकाईनें पाहिली होती, हें यावरून दिसतें.

परंतु मुस्ता एक नव्हे, अनेक आहेत, हेंही आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. अमरकोशांत मुस्ता निराळी, भद्रमुस्ता निराळी आणि कैवर्तीमुस्ता निराळी अशी नोंद आहे. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें भावप्रकाशांत पाणथळ प्रदेशांतली मुस्ता चांगली, आणि तींतही नागरमुस्ता सर्वांत उत्तम, असा निवाडा दिला. येथेंच घोंटाळ्याला सुरुवात होते. नागर या शब्दाचा एक अर्थ सुंठ असाही आहे. त्यामुळें एखाद्या पाठांत मुस्ता आणि नागर हे शब्द शेजारीं आले, तर तीं दोन द्रव्यें घ्यावयाचीं कीं एकटा नागरमोथा घ्यावयाचा, हें गुरूजवळ बसून शिकल्यावांचून कळत नाहीं. निघंटूंनीं गुण सांगितले, वीर्य सांगितलें, रस सांगितला. पण दांडा कसा, कणसाचा रंग कोणता, गड्डा एकेकटा कीं माळेंत, हें लिहून ठेवण्याची त्यांना गरज वाटली नाहीं. ती ओळख गुरूच्या बोटांत आणि मुळ्या खणून आणणाऱ्या स्त्रियांच्या नाकांत राहिली. गुरुपरंपरा जोंवर अखंड होती, तोंवर तें पुरेसें होतें.

पाश्चात्य देशांतही या कुलाचा मान जुनाच आहे. सायपेरस हें नांव ग्रीक भाषेंतून आलेलें आहे. सिथियन राजांचीं प्रेतें टिकविण्यासाठीं त्यांच्या उदरांत कुटलेला मोथा भरीत, असें हिरोडोटस लिहून गेला आहे. त्याहूनही जुना पुरावा २०१४ सालीं पुढें आला. सुदानांत नाईल नदीजवळ अल् खिदाय या ठिकाणीं सांपडलेल्या हजारों वर्षांपूर्वींच्या मानवी दांतांवरील कीटणांत लव्हाळ्याच्या गड्ड्याचे अंश मिळाले. दांत किडविणाऱ्या जंतूंना या गड्ड्यांतील द्रव्यें रोखतात, म्हणून तेथील लोकांचे दांत कमी किडले असावेत, असा तर्क संशोधकांनीं केला आहे.

वनस्पतींचें चित्र काढून, अवयवांचें वर्णन करून ओळख कायम करण्याची पद्धति आपल्याकडे सतराव्या शतकांत आली. कोचीनचा डच अधिकारी व्हान र्‍हीड यानें हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. तो १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापला गेला. या कामीं मलबारांतील विद्वान वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांनीं साह्य केलें, आणि त्यांचें कोंकणी भाषेंतील, नागरी लिपींतील प्रमाणपत्र पहिल्या खंडांत छापलेलें आहे. पुढें १७५३ सालीं लिनीअस यानें आपल्या लव्हाळ्याला सायपेरस रोटंडस हें नांव दिलें. रोटंडस म्हणजे गोल. तें नांव गड्ड्यावरून पडलें. खाण्याजोग्या कंदाच्या भावंडाला त्यानें त्याच ग्रंथांत सायपेरस एस्क्युलेंटस म्हटलें. नागरमोथ्याला आज लावलें जाणारें सायपेरस स्कॅरिओसस हें नांव रॉबर्ट ब्राऊन यानें १८१० सालीं दिलें, तें ऑस्ट्रेलियांतील वनस्पतींचें वर्णन करतांना! अशा रीतीनें सातासमुद्रांपलीकडील नमुन्याचें नांव आपल्या उटण्याच्या पुडीवर येऊन बसलें.

आपल्या गोदावरीशीं ज्याचा निकटचा संबंध आला, असा या परंपरेंतील पहिला मोठा माणूस म्हणजे विल्यम रॉक्सबर्ग. गोदावरीच्या मुखाजवळ सामलकोट येथें तो अनेक वर्षें होता, आणि १७९१-९२ चा भीषण दुष्काळ, ज्याला कवटीचा दुष्काळ म्हणतात, त्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहिला. रेताड जमिनींत वाढणाऱ्या सायपेरस बल्बोसस या नाजूक जातीचे कंद टंचाईंत दळून, भाजून किंवा उकडून खातात. चव बटाट्यासारखी असते, पण कंद फारच बारीक, अशा अर्थाची नोंद त्यानें करून ठेवली आहे. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत भुकेची अशी नोंद क्वचितच सांपडते.

या कुलाची खरी छाननी मात्र एका शिक्षणखात्यांतील अधिकाऱ्यानें केली, हें सांगतांना माझ्यासारख्या मास्तराला थोडा अभिमान वाटल्यावांचून राहत नाहीं. चार्ल्स बॅरन क्लार्क हा बंगाल्यांत शाळांचा इन्स्पेक्टर होता. १८८७ सालीं निवृत्त झाल्यावर त्यानें इंग्लंडांतील क्यू येथील वनस्पतिसंग्रहांत बसून उरलेलें आयुष्य मुख्यतः याच कुलाला वाहिलें. हूकर यांच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतिग्रंथाच्या सहाव्या खंडांतील या कुलाचें प्रकरण त्याचेंच. १९०६ सालीं तो वारला.

मुंबई इलाख्यापुरतें पाहिलें, तर १८६१ सालीं डाल्झेल व गिब्सन यांचा ग्रंथ निघाला, आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रिन्सिपॉल राहिलेले थिओडोर कुक यांचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत पुरा झाला. त्यानंतर मुंबईच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजांतील फादर ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी मॅक्कॅन यांनीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत इलाख्यांतील मुस्ताकुलाची फेरतपासणी प्रसिद्ध केली. औषधी वनस्पतींच्या बाजूनें कान्होबा रणछोडदास कीर्तिकर व बामनदास बसू यांचा सचित्र ग्रंथ १९१८ सालीं बाहेर पडला.

आतां नकाशा डोळ्यांपुढें आणा. बालाघाटची डोंगररांग अहमदनगर (आतां अहिल्यानगर) आणि बीड या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेली. जामखेड तिकडे, आष्टी-पाटोदें इकडे. जमीन तीच, पाऊस तोच, ओढ्याकांठचा लव्हाळाही तोच. पण जामखेड मुंबई इलाख्यांत होतें आणि पाटोदें निजामाच्या राज्यांत. कुक यांचा ग्रंथ इलाख्याचा. म्हणून त्याची लेखणी सरहद्दीवर थांबली. दक्षिणेकडून गँबल यांचा मद्रास इलाख्याचा ग्रंथ आला. तोही त्याच्या सरहद्दीवर थांबला. मधला हैदराबाद संस्थानाचा मोठा पट्टा दोन्ही ग्रंथांच्या मध्यें कोराच राहिला. ज्या पाटोदें तालुक्यांत मांजरा उगम पावते, ज्या मंजरथाला सिंदफणा गोदावरीला मिळते, तेथील पाणवठ्यांवर कोणत्या जाती उगवतात हें विचारलें, तर छापील उत्तर देणारा स्वतंत्र ग्रंथ नव्हता. वनस्पतींना सरहद्द ठाऊक नसते, पण वनस्पतिग्रंथांना असते, हा या इतिहासांतला मोठा धडा आहे.

१९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. या राजकीय घडामोडीनंतर लव्हाळ्याच्या ओळखीचा हा धागा पुढें सरकला. त्या विद्यापीठांतील प्रा. वि. ना. नाईक यांनीं प्रथम १९७९ सालीं उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ दिला, आणि १९९८ सालीं सबंध मराठवाड्याचा ग्रंथ दोन खंडांत सिद्ध केला. कुक यांचें काम संपलें त्याला तेव्हां नव्वद वर्षें होऊन गेलीं होतीं. पुढें २०१५ सालीं डॉ. वदूद खान यांनीं पश्चिम घाट, पश्चिम किनारा आणि महाराष्ट्र यांतील मुस्ताकुलावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आज आष्टीच्या ओढ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला आपल्याच प्रदेशाचें पुस्तक उघडतां येतें, तें या परिश्रमांमुळें.

एवढी हकीकत ऐकल्यावर, प्रत्यक्ष ओळखावें कसें, असें आपण साहजिकच विचाराल. चार-पांच सारख्या दिसणाऱ्या जातींपुरतें सांगतों.

शेतांतला लव्हाळा म्हणजे सायपेरस रोटंडस. त्याचीं कणसें तांबूस ते जांभळट तपकिरी. हलक्या हातानें खणलें, तर तारेसारख्या मुळांवर गड्डे माळेंतल्या मण्यांसारखे एकामागून एक ओंवलेले दिसतात. गड्डा बाहेरून काळसर व तंतुमय. फोडला कीं कापरासारखा उग्र गंध येतो, आणि जिभेवर कडूपणा राहतो.

त्याचें भावंड सायपेरस एस्क्युलेंटस. याचीं कणसें सोनेरी पिंवळीं. गड्डे माळेंत नसतात. प्रत्येक मुळाच्या टोंकाला एकेकटा गड्डा, आणि चवीला गोड. मिसर देशांतील अतिप्राचीन थडग्यांत हे गड्डे सांपडले आहेत. रंग पिंवळा दिसला म्हणून लगेच निर्णय करूं नये, कारण ओल्या बांधावर उगवणाऱ्या सायपेरस इरिया या जातीचीं कणसेंही पिंवळसरच असतात. पण इरिया एकवर्षायु आहे. उपटला तर खालीं नुसता मुळांचा झुबका, गड्डा मुळींच नाहीं.

रॉक्सबर्गनें वर्णिलेला सायपेरस बल्बोसस आकारानें बारीक, रेताड जागेंतला. त्याचा कंद कांद्यासारखा पातळ पापुद्र्यांनीं झांकलेला असतो, आणि तो दोऱ्यासारख्या नाजूक मुळाच्या टोंकाला लटकतो. पाणथळींत चेंडूसारखें दाट गोल डोकें असलेला दिसला, तर तो सायपेरस डिफॉर्मिस असण्याचा संभव फार.

याहून खोलांत जावयाचें, तर भिंग लागतें. कणसांतील खवले दोन रांगांत बसवलेले असले, तर तें सायपेरसाचें घर. सर्व बाजूंनीं मळसूत्रासारखे असले, तर फिंब्रिस्टायलिस वगैरे दुसरीं घरें. मग फुलांतील केसरासारखा स्त्रीभाग पाहावा : त्याचे फांटे तीन असले, तर फळ तिधारी, दोन असले, तर फळ चपटें. या दोन-तीनच्या भेदावर पूर्वीं पिक्रिअस आणि किलिंगा अशीं स्वतंत्र घराणीं मानीत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत पेशींतील आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली, आणि हीं घराणीं सायपेरसाच्याच पोटांतलीं आहेत असें ठरून, त्यांना परत मूळ घरांत घेण्यांत आलें. वांटण्या झालेलीं भावंडें पुन्हां एकत्र व्हावींत, तसा हा प्रकार झाला.

हा सगळा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न कोणी करील. त्याला तीन उत्तरें आहेत.

पहिलें शेतकऱ्याचें. १९७७ सालीं जगांतील तणांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत रोटंडस लव्हाळ्याला जगांतील सर्वांत वाईट तण ठरविलें आहे. ९२ देशांत, ५२ पिकांत त्याचा उपद्रव नोंदलेला होता. त्याचें बळ गड्ड्यांच्या माळेंत आहे. वखर चालवला कीं माळ तुटते आणि प्रत्येक मणी निराळें रोप होऊन उभा राहतो. म्हणून वरून खुरपणें म्हणजे त्याची लागवडच करणें होय. उन्हाळ्यांत खोल नांगरट करून गड्डे उघड्यावर आणावे आणि बीडच्या वैशाखांतील उन्हानें वाळवावे, हा उपाय गड्डा मारतो. उलट, शेतांत इरिया असला, तर बीं धरण्यापूर्वीं उपटला कीं काम झालें. दोघांना एकच समजणारा शेतकरी एकीकडे श्रम फुकट घालवतो, आणि दुसरीकडे शत्रु वाढवतो.

दुसरें उत्तर रोग्याचें. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियानें मुस्ता म्हणजे सायपेरस रोटंडसचें मूळ, असें आतां निश्चित केलें आहे, आणि बाजारांत नागरमोथा हें नांव स्कॅरिओससला चालतें. पण सुकलेल्या काळ्या मुळ्यांच्या पोत्यांत दांडाही नसतो आणि कणीसही नसतें. ओळखीच्या साऱ्या खुणा शेतांतच राहिलेल्या असतात. म्हणून खणणाऱ्याला ओळख असली, तरच दुकानदाराला, वैद्याला आणि शेवटीं रोग्याला तिचा उपयोग. ज्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या गंधानें निवड करीत आल्या, त्यांचें ज्ञान कोणत्याही ग्रंथांत पूर्णपणें उतरलेलें नाहीं. त्या गेल्या कीं तें त्यांच्याबरोबर जाईल.

तिसरें उत्तर आपल्या जिल्ह्याचें. हा अवर्षणाचा मुलूख. १९७२ चा दुष्काळ येथील वृद्धांच्या हाडांत अजून मुरलेला आहे. ज्या प्रदेशाला पाण्याचें मोल ठाऊक, त्यानें पाणथळींतल्या वनस्पतींची मोजदाद तरी ठेवली पाहिजे. तुकोबांनीं महापुरांत तग धरणारा म्हणून लव्हाळ्याचा दाखला दिला. तो पुराला वांकून टिकतो हें खरें. पण ओढ्याचा कांठच उकरून नेला, वाळूच उपसली, डबकेंच बुजविलें, तर वांकावयाला त्याला जागा कोठें राहते? शेतांतला रोटंडस अमर आहे, त्याची चिंता नको. चिंता आहे ती त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या, पण ओल्या कांठावांचून न जगणाऱ्या भावंडांची. सगळ्यांनाच लव्हाळा म्हणण्याची संवय आपणांस जडली आहे. त्यामुळें त्यांतलें एखादें नाहींसें झालें, तर झाल्याचें कळणारसुद्धां नाहीं. ज्याला निराळें नांव नाहीं, त्याचा शोक कोण करणार?

या दिवाळींत उटण्याची पुडी उघडाल, तेव्हां नागरमोथ्याचा गंध क्षणभर निराळा करून पाहा. आणि पावसाळ्यांत गांवीं गेलांत, तर मुलांना ओढ्यावर न्या, दांडा त्यांच्या बोटांत द्या, आणि तीन धारा मोजावयाला सांगा. ओळखीची सुरुवात एवढ्यानेंच होते. पुढचें पुस्तक आतां आपल्या प्रदेशाचें, आपल्याच माणसांनीं लिहिलेलें उपलब्ध आहे.